पांढऱ्या पायाची पाठीराखी

“फुटबॉल कळतो का तुला?” शेजारच्या काकांनी विचारलं, आणि मी जरा ताठ होऊनच सांगितलं, “मी कोल्हापूरची आहे.”

या उत्तराचा अर्थ त्यांना कळण्याचं काहीच कारण नव्हतं. आमच्या शिवाजी पेठेत पोरांना चालायला यायच्या आधी चेंडूला लाथ मारायला येते. शाहू स्टेडियमवर सामना असला की अण्णा दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून निघायचे. शिवाजी तरुण मंडळ पाटाकडील तालमीकडून हरलं, तर त्या रात्री घरात भांडीसुद्धा हळू वाजायची. फुटबॉल मला कुणी शिकवू नये, असाच माझा थाट होता.

ही गोष्ट 2023 च्या मार्चमधली. मेलबर्नला येऊन मला जेमतेम पाच आठवडे झाले होते. भाड्याची खोली मिळाली होती नॉर्थ मेलबर्न नावाच्या उपनगरात, 57 नंबरच्या ट्रामपासून चार पावलांवर. शेजारी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ एकटेच राहत. इथं लहानथोर सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात. माझ्यानं काही केल्या ते होईना, म्हणून तोंडावर नाव आणि मनात काका, असा मी तोडगा काढला. काका आत गेले आणि निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एक जुना लोकरी मफलर घेऊन आले. म्हणाले, “इथं राहतेस म्हणजे तू नॉर्थची. हंगामातले दोन सामने झालेत, आणि दोन्ही जिंकलोय आपण.”

बरा दिसतोय संघ, मी मनात म्हटलं आणि मफलर गळ्यात घातला. तिसऱ्या सामन्यापासून आम्ही जे हरायला लागलो, ते ऑगस्ट संपत आला तरी हरतच होतो. सलग वीस सामने.

पहिला सामना मैदानात बसून पाहिला तो गुड फ्रायडेचा, कार्लटनविरुद्धचा. माझा थाट तिथं पहिल्या पाच मिनिटांत उतरला. हा ऑस्ट्रेलियाचा वेगळाच फुटबॉल. मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल, त्यामुळे टप्पा पडल्यावर तो कुठं उडेल हे त्या चेंडूलाही माहीत नसावं. एका बाजूचे अठरा खेळाडू, म्हणजे एका वेळी छत्तीस जण सैरावैरा धावत होते. ऑफसाइड नावाचा प्रकारच नाही. चेंडू हातात धरला तर चालतो, पण फेकलेला चालत नाही. एका हातावर ठेवून दुसऱ्या हाताच्या मुठीनं ठोसायचा. लांबून आलेली किक कुणी हवेतल्या हवेत झेलली की खेळ त्याच्यासाठी थांबतो आणि त्याला निवांत किक मारायला मिळते. तो झेल घेण्यासाठी समोरच्याच्या पाठीवर गुडघा टेकवून चढलं तरी कुणाची हरकत नसते, उलट टाळ्या पडतात. दहीहंडीत निदान खालचा माणूस आपल्याच मंडळाचा असतो.

“गोलकीपर कुठाय?” मी विचारलं.

“नाही.”

“जाळी?”

“नाही.”

दोन्ही टोकांना नुसते चार-चार उंच खांब. मधल्या दोघांतून किक गेली तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेली तर एक. म्हणजे नेम चुकला तरी एक गुण पदरात पडतो. तिथला पंच सहा गुणांना दोन झेंडे फडकवतो आणि एका गुणाला एक. हे मला फार आवडलं. चुकलेल्यालाही झेंडा दाखवणारा दुसरा खेळ मी पाहिलेला नाही.

गुणफलकाची गंमत तर वेगळीच. टीव्हीवर पहिल्यांदा ‘7.4 (46)’ असं दिसलं तेव्हा मी मनाशी म्हटलं, सात ओव्हर चार चेंडू, सेहेचाळीस धावा, बरं चाललंय. थोड्या वेळानं ‘7.8 (50)’ झालं आणि सहा चेंडूंच्या ओव्हरमध्ये आठवा चेंडू आला कुठून, या विचारात मी पाव तास घालवला. सात गोल, आठ चुकलेले नेम, कंसात बेरीज, असा तो हिशोब होता.

चार क्वार्टर संपले, भोंगा वाजला, आम्ही हरलो. ध्वनिक्षेपकावर एक वाजतगाजत गाणं सुरू झालं आणि कार्लटनवाले उभे राहून गाऊ लागले. काका मफलर नीट करत म्हणाले, “जो जिंकतो त्याचं गाणं लावतात. आपलंही आहे. ऐकशील.”

त्या हिवाळ्यात मी सगळ्यांची गाणी ऐकली, फक्त आमचं सोडून.

दर रविवारी अण्णांचा फोन यायचा. सुरुवातीला ते विचारायचे, “काय गं, किती गोलनं?” मग नुसतंच “आज?” आणि जूनमध्ये, “तू जायच्या आधी ती माणसं जिंकत होती म्हणतीस. पांढऱ्या पायाची निघालीस की गं!” अण्णा हसत होते, मीही हसले, पण फोन ठेवल्यावर पुन्हा हिशोब केला. मफलर घालायच्या आधी दोन सामने, दोन विजय. घातल्यावर शून्य. नव्या सुनेच्या पावलावर खापर फोडणाऱ्या बायकांचा मला लहानपणापासून राग. आता त्याच चष्म्यातून मी माझी पावलं बघत होते.

ऑफिसात आणखी एक फास होता, टिपिंगचा. लीगमध्ये अठरा संघ, त्यामुळे आठवड्याला नऊ सामने. प्रत्येकाचा विजेता आधी सांगायचा, बरोबर आला की एक गुण. मी दर आठवड्याला इमानानं नॉर्थवर खूण करायची आणि तो गुण हमखास घालवायची. एका आठवड्यात खुणा करायलाच विसरले. विसरणाऱ्याच्या खात्यात सगळे पाहुणे संघ धरायचे, असा आमच्याकडं नियम. त्या आठवड्यातले माझे गुण हंगामातले सर्वांत जास्त निघाले. सहकारी म्हणाले, “तू विचार करणं सोडून दे.”

हरण्याचेही प्रकार असतात हे मला मे महिन्यात कळलं. सिडनीविरुद्धचा सामना होता. पोरं जिवाच्या आकांतानं खेळत होती आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये जिंकण्याची खरीखुरी शक्यता दिसत होती. काका खुर्चीच्या कडेवर आले होते. अचानक पंचांनी खेळ थांबवला आणि काहीच घडलेलं नसताना सिडनीला किक दिली, वर पन्नास मीटर पुढं नेऊन. सिडनीनं त्यावर गोल केला.

“झालं काय?” मी विचारलं. काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलेलं होतं.

झालं असं होतं की सामन्यात खेळाडूंची आत-बाहेर अदलाबदल पंच्याहत्तर वेळाच करता येते. आमच्या बाकावरच्या मंडळींनी शहात्तरावी केली. मोजण्यात चूक! आम्ही तीन गुणांनी हरलो. कोल्हापुरात पंचांवर रुसायची सोय असते, मैदानाला, उन्हाला, नशिबाला बोल लावता येतो. आकडा चुकल्यावर रुसायचं कुणावर? घरी परतताना आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. जिन्यात काका म्हणाले, “चहा घेणार?”

तो चहा पुढं दर हरण्यानंतर होऊ लागला. आणि त्या टेबलावर काकांनी मला इतर संघांच्या पराभवांच्या कहाण्या सांगितल्या. घराण्यात कुणाला काय दुखणं होतं हे म्हातारी माणसं सांगतात ना, त्याच शांत सुरात. माझा एकच प्रश्न असायचा, “मग संपलं कसं?”

सर्वांत जुनी कहाणी सेंट किल्डाची. लीग सुरू झाली 1897 मध्ये आणि सेंट किल्डा पहिल्याच सामन्यापासून हरायला लागला. तीन हंगाम, 48 सामने, 48 पराभव. 1899 मध्ये तर जिलाँगविरुद्ध सबंध सामन्यात त्यांचा एक गुण झाला, तोही नेम चुकल्याचा, आणि समोर 162. इतकी कमी धावसंख्या, माफ करा, गुणसंख्या या लीगमध्ये त्यानंतर कुणाचीही झालेली नाही.

“मग संपलं कसं?”

1900 च्या पहिल्या सामन्यात मेलबर्न क्लबशी त्यांची बरोबरी झाली. सेंट किल्डानं तक्रार केली, की तिसऱ्या क्वार्टरची घंटा झाल्यानंतर मारलेल्या किकचा एक गुण मेलबर्नला दिला गेलाय. तक्रार मान्य झाली, तो गुण वजा झाला आणि सेंट किल्डा एका गुणानं जिंकला. अठ्ठेचाळीस पराभव पोटात घालून मिळालेला पहिलावहिला विजय मैदानावर नव्हे, टेबलावर मिळाला. त्या खेळाडूंनी आनंद नेमका कुठल्या दिवशी साजरा केला असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

दुसरी कहाणी युनिव्हर्सिटी नावाच्या क्लबची. मेलबर्न विद्यापीठाचा हा संघ 1908 मध्ये लीगमध्ये आला. बहुतेक जण डॉक्टर, वकील किंवा त्या वाटेवरचे विद्यार्थी. 1911 मध्ये लीगनं खेळाडूंना पैसे द्यायला परवानगी दिली, पण यांनी पैसे घ्यायचे नाहीत असं ठरवलं. बाकीचे क्लब पैसे मोजून माणसं आणू लागले आणि यांचे खेळाडू परीक्षा आल्या की अभ्यासाला बसायचे. 1912 मध्ये ते हरायला लागले. 1913 चा अख्खा हंगाम हरले, 1914 चाही हरले. सलग 51 पराभव, आणि हा विक्रम आजही त्यांच्याच नावावर आहे.

“मग संपलं कसं?”

“संपलंच नाही,” काका म्हणाले. 1914 मध्ये महायुद्ध सुरू झालं, पोरं सैन्यात जाऊ लागली आणि हंगामाअखेर क्लबनं लीग सोडली. एक्कावन्नानंतर बावन्नावा सामनाच झाला नाही.

हे ऐकून मी चहा तसाच ठेवला. मला वाटायचं, हरण्याच्या गोष्टीला शेवट असतोच, उगाच का ती सांगतात! मग काकांनी रॉय पार्कचं नाव काढलं. हा त्या संघातला एक डॉक्टर, क्रिकेटही उत्तम खेळायचा. 1920-21 च्या मालिकेत मेलबर्नच्या मैदानावर इंग्लंडविरुद्ध तो ऑस्ट्रेलियाकडून एक कसोटी खेळला, आयुष्यात तेवढी एकच, आणि पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत झाला. ऑस्ट्रेलियानं ती मालिका 5-0 नं जिंकली. म्हणजे फुटबॉलच्या मैदानात दोन अख्खे हंगाम एकही विजय न पाहिलेल्या माणसानं क्रिकेटमध्ये शून्य धावा केल्या आणि सामना जिंकला. क्रिकेटचं आलं म्हणून हे तरी मला एका दमात कळलं.

तिसरी कहाणी आमचीच. नॉर्थ मेलबर्न लीगमध्ये आलं 1925 मध्ये. हा भाग तेव्हा कत्तलखान्यांचा आणि खाटकांचा. सामन्याच्या दिवशी खाटीक दुकानाच्या काचेत जनावराच्या नळीची हाडं निळ्या-पांढऱ्या फितींनी सजवून ठेवायचे म्हणतात. त्यावरून क्लबच्या लोकांना आजही ‘शिनबोनर’ म्हणतात. 1933 ते 1935 या काळात हे शिनबोनर सलग 35 सामने हरले. सेंट किल्डाच्या पाठोपाठ तिसरा नंबर. पहिलं विजेतेपद मिळालं थेट 1975 मध्ये. लीगमध्ये आल्यापासून पन्नास वर्षांनी!

“तुम्ही होतात तिथं?” मी विचारलं. काकांनी काही न बोलता माझ्या गळ्यातल्या मफलरकडं बोट दाखवलं. त्या दिवसापासून मी तो वॉशिंग मशीनमध्ये टाकत नाही, हातानं धुते.

त्या 1975 च्या संघाचा प्रशिक्षक होता रॉन बरासी. अठरा वर्षांनी, 1993 मध्ये, तो सिडनीच्या मदतीला गेला. तेव्हा सिडनी हरत चालला होता. आकडा सव्वीसवर गेला होता. जून महिन्यात सिडनीच्या क्रिकेट मैदानावर त्यांनी मेलबर्नला हरवलं आणि ती माळ तुटली. खेळाडू म्हणून बरासीनं सहा विजेतेपदं मिळवली होती ती याच मेलबर्न क्लबकडून. म्हणजे माहेरालाच हरवून त्यानं सासर वाचवलं. तीन वर्षांत सिडनी अंतिम सामन्यात पोचला. “आणि तिथं त्यांना कुणी हरवलं?” काकांनी विचारलं. उत्तर त्यांच्या चेहऱ्यावरच होतं. 1996 चा करंडक आमचा.

अलीकडची कहाणी गोल्ड कोस्टची. क्वीन्सलंडमधला हा नवा संघ 2011 मध्ये आला आणि 2012 च्या जुलैपर्यंत सलग 21 सामने हरला होता. केर्न्समध्ये रिचमंडविरुद्ध भोंगा वाजला तेव्हा ते पिछाडीवरच होते, पण चेंडू होता कारमायकल हंटच्या हातात. झेल घेतल्यावर भोंगा वाजला तर ती किक मारू देतात. हा हंट मुळात रग्बी लीगचा खेळाडू, या खेळात नवशिका. त्यानं ती किक मधल्या खांबांतून घातली आणि ते दोन गुणांनी जिंकले. या कहाणीवर मी बेहद्द खूश झाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी नवखं माणूस पांढऱ्या पायाचं निघालं नव्हतं.

जुलैच्या अखेरीला आमचा सामना पर्थमध्ये होता, वेस्ट कोस्टविरुद्ध. तेही आमच्यासारखेच. दुसऱ्या फेरीत जिंकले होते, त्यानंतर सलग सोळा पराभव. आमचेही सोळाच. एकाची माळ त्या दिवशी तुटणारच होती. अण्णांना फोनवर हे सांगितलं तर त्यांना इतकं हसू आलं की आईनं फोन घेतला. “म्हणजे आज तुम्ही जिंकताय,” आई म्हणाली. “त्यांच्यात तू नाहीस ना?” पाच गुणांनी आम्ही हरलो. टीव्हीवर वेस्ट कोस्टचे लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. ते रडणं ओळखीचं वाटलं.

असे आम्ही शेवटच्या फेरीपर्यंत आलो. वीस पराभव खांद्यावर, आणि सामना गोल्ड कोस्टशी, टास्मानियात होबार्टला. नॉर्थ तेव्हा आपले काही घरचे सामने तिकडं खेळायचं. मैदान मात्र माझ्या ओळखीचं निघालं. 2012 मध्ये श्रीलंकेविरुद्ध कोहलीनं नाबाद 133 केल्या होत्या, तेच हे बेलरिव्ह. सगळ्या हंगामात मला आधीपासून माहीत असलेली तेवढी एकच गोष्ट.

त्याच आठवड्यात ऑफिसात एकानं मला एक हिशोब समजावला आणि माझी झोप उडाली.

जगभरच्या फुटबॉलमध्ये तळाचा संघ खालच्या गटात ढकलला जातो. इथं खालचा गटच नाही. उलट जो सर्वांत तळाला, त्याला पुढच्या वर्षीच्या नव्या खेळाडूंतून पहिला खेळाडू निवडायचा मान मिळतो. नापास झालेल्या पोराला पहिल्या बाकावर बसवून वर शिकवणीही लावून द्यावी, तसं. त्या वर्षी पहिला कोण जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. हार्ली रीड, अठरा वर्षांचा, जो तो त्याच्याबद्दल बोलायचा. आमचे विजय दोन, वेस्ट कोस्टचे तीन. शेवटचा सामना हरलो तर आम्ही तळाला आणि रीड आमचा. जिंकलो आणि वेस्ट कोस्ट हरलं तर विजय सारखे, पण गुणांच्या टक्केवारीत ते फार मागं, त्यामुळे तळ त्यांचा आणि रीडही त्यांचा.

म्हणजे वीस सामने हरून जे कमावलं, ते एकविसावा जिंकून घालवायचं?

मुद्दाम हरण्याचा संशयही या खेळाला नवा नाही. 2009 च्या हंगामाबद्दल मेलबर्न क्लबची चौकशी झाली होती. मुद्दाम हरले हे सिद्ध झालं नाही, तरी 2013 मध्ये क्लबला पाच लाख डॉलर दंड भरावा लागला. तेव्हा माझ्या डोक्यात आलेला विचार काही जगावेगळा नव्हता. सामन्याच्या आधी काकांकडं बसले असताना मी जपूनच विचारलं, “आजच्या दिवस हरलेलं बरं, नाही का?”

काका बिस्किटाचा डबा उघडत होते. झाकण निघेना म्हणून तो त्यांनी माझ्याकडं सरकवला आणि म्हणाले, “त्या पोराचं काय होतंय ते तीन वर्षांनी कळेल. गाणं मला आज ऐकायचंय.”

मी झाकण उघडून दिलं.

मग निक लार्की नावाच्या आमच्या आघाडीच्या खेळाडूनं गोल करायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. माझ्या मनात अजूनही रीड होता. चौथ्या-पाचव्या गोलनंतर तो कुठं गेला मला कळलं नाही. मी सोफ्यावर उभी होते, चपला घालून, आणि काकांनी त्याबद्दल एक अवाक्षर काढलं नाही. लार्कीनं नऊ गोल मारले. एकट्यानं नऊ! आम्ही 35 गुणांनी जिंकलो. शेवटची दहा मिनिटं तर भीतीसुद्धा वाटत नव्हती, आणि भीती न वाटण्याची सवय नसल्यानं मी उगाच अस्वस्थ होते.

भोंगा वाजला. मैदानावर गाणं लागलं, मग कॅमेरा आत खोलीत गेला. खेळाडू खांद्यावर हात टाकून गोल करून उभे होते आणि घसा फाडून गात होते. चाल इतकी साधी की आपल्याकडं सहलीच्या बसमध्ये सहज चालावी. पाच महिने जिची वाट पाहिली ती चीज मिनिटभरात संपली. काका गात नव्हते. नुसते ओठ हलत होते आणि एका हातानं खुर्चीच्या दांड्यावर ठेका चालू होता. गाणं संपल्यावर त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि विचारलं, “चहा?” हरल्यावर विचारायचे तसंच.

अण्णांना फोन लावला. “जिंकलो,” मी म्हटलं.

पलीकडं क्षणभर काहीच नाही. मग अण्णा शांतपणे म्हणाले, “आता पुढच्या हंगामालाही तोच मफलर घाल.”

ठरल्याप्रमाणे तळाची जागा वेस्ट कोस्टला मिळाली, आणि नोव्हेंबरमध्ये हार्ली रीडही त्यांचाच झाला. त्या विजयानंतर तीनच आठवड्यांत, 16 सप्टेंबरला, रॉन बरासी वारला. त्या संध्याकाळी काकांनी चहाला बोलावलं नाही, आणि मीही दार वाजवलं नाही.

2024 मध्ये आम्ही पहिल्या सामन्यापासून पुन्हा हरायला लागलो. पहिला विजय मिळाला तेव्हा जून महिना उजाडला होता. तोही पर्थमध्येच, वेस्ट कोस्टविरुद्धच. क्लबच्या सभासदत्वाचे पैसे मात्र मी त्याच्या कितीतरी आधी भरून टाकले होते.